पूरछावणीसाठी फिरता एसटीपी (मैलापाणी साफ करायचा प्लांट) घ्यावा का? ग्रामपंचायतीसाठी सल्ला पायजे

वारणाकाठचा_पोरगा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. विषय जरा घाण आहे, जेवताना मोबाईल बघत असाल तर नंतर वाचा.

आमचं गाव वारणेच्या काठावर, सांगली जिल्हा. २००५, २०१९, २०२१, तिन्ही वेळेला गाव पाण्यात. २०१९ ला सांगलीत आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलेलं, धोक्याची पातळी ४५ आहे, यावरून अंदाज करा. दरवेळी आमाला वरच्या अंगाच्या एका गावच्या हायस्कुलात नेतात, साधारण ९०० माणसं. जनावरं वेगळी. हायस्कुलात संडास आठ, त्यातले दोन कायम कुलूपबंद, किल्ली कुणाकडं हे आजतागायत कळलेलं नाय. म्हंजे सहा.

२०१९ ला तिसऱ्या दिवशी टाकी भरून वर आली. पोरींच्या संडासातनं मैला उलटा यायला लागला. मग आमी सहा पोरांनी रात्री कुदळी घेऊन चर मारली आणि सगळं ओढ्याला सोडून दिलं. होय, त्यात मी पण होतो, तेव्हा लई मोठं काम केल्यासारखं वाटलेलं. शाळेची बोअर त्या चरीपासनं ४०-५० फुटांवर. पाचव्या सहाव्या दिवशी छावणीत हगवण सुरू झाली, चर हेच कारण होतं का ते कुणी तपासलं नाय, पण मला जे समजायचं ते समजलं.

आता मी ग्रामपंचायत सदस्य आहे. परवा एक सेल्समन आलता. कंटेनरमधला एसटीपी, २० केएलडी म्हणजे दिवसाला २० हजार लिटर, ट्रकवर टाकून कुठंबी न्या, प्लग लावा की चालू, बाहेर पडणारं पाणी पिण्यालायक. वित्त आयोगाचा बंधित निधी (ठरलेल्या कामांनाच वापरायचा पैसा) आहे, त्यातला स्वच्छतेचा वाटा आणि शेजारच्या दोन गावांनी हात लावला तर जमेल असं सरपंच म्हणतात. पाऊस तोंडावर आलाय. घ्यावा का?

टवाळ_टोळ

पिण्यालायक आहे ना, मग पहिला ग्लास सेल्समनला. प्रश्न सुटला.

पाईपवाला

चौदा वर्षं सोसायट्यांचे एसटीपी चालवतोय, पुणे आणि आसपास. दादा, सही करू नका, आधी हे वाचा.

पहिलं म्हणजे एसटीपीतलं मशीन मैला खात नाही, जंतू खातात. मशीन फक्त त्या जंतूंना हवा देतं. नव्या टाकीत पुरेसे जंतू तयार व्हायला तीन-चार आठवडे सहज जातात. चालू असलेल्या दुसऱ्या एसटीपीतून टँकरभर गाळ आणून विरजण लावलं तर काही दिवसांत जमतं, पण तुमच्याकडे पूर असताना रस्ता बंद, विरजण आणणार कुठून? आणि बाकीचे अकरा महिने हा कंटेनर उपाशी उभा राहणार. जंतू मेलेले, हवा मारणारा ब्लोअर गंजलेला, मेंब्रेनवाला (बारीक गाळणीचा) असेल तर मेंब्रेन सुकून चामडं झालेलं. पावसाळ्यात बटण दाबाल तर आवाज येईल, बाकी काही होणार नाही.

दुसरं वीज. ब्लोअर चोवीस तास लागतो. पुरात महावितरण सप्लाय बंद करतं आणि ते बरोबरच आहे. म्हणजे जनरेटर, म्हणजे डिझेल, म्हणजे परत रस्ता.

तिसरं सगळ्यात महत्त्वाचं आणि सेल्समन हे कधीच सांगत नाहीत. २० केएलडी हा आकडा पाण्याचा आहे, घाणीचा नाही. सोसायटीचं सांडपाणी म्हणजे अंघोळ, कपडे, भांडी आणि त्यात थोडा मैला, त्याचा बीओडी (घाण पचवायला जंतूंना लागणारा ऑक्सिजन, म्हणजे घाणीचं माप) लिटरला २००-३०० मिलिग्रॅम. त्या हिशोबाने २० हजार लिटरचा प्लांट दिवसाला ५ किलो बीओडी पचवायला बनवलेला असतो. आता तुमची ९०० माणसं, माणशी ३०-४० ग्रॅम धरा, २७ ते ३६ किलो झाले. पाच-सात पट! छावणीत एका तांब्यात काम उरकतात, त्यामुळे पाणी कमी आणि मैला दाट. पाण्याच्या हिशोबाने प्लांट अर्धा रिकामा दिसेल आणि जंतूंच्या हिशोबाने तो पहिल्याच दिवशी गुदमरेल.

वारणाकाठचा_पोरगा

बाप रे. पाच-सात पट हे त्याला विचारतोच. पण तो म्हणतोय डीआरडीओचं (लष्कराची संशोधन संस्था) कल्चर, म्हंजे तयार जंतू टाकलं की लगेच चालू होतंय, रेल्वेत हाय म्हणे तसंच.

पाईपवाला

रेल्वेत आहे हे खरं. डीआरडीओने सियाचीनसारख्या थंडीतल्या जवानांसाठी बायोडायजेस्टर, म्हणजे जंतूंकडून मैला कुजवणारी बंद टाकी बनवली, तीच पुढे डब्यांखाली आली. चीज चांगली आहे, वीज लागत नाही. पण त्याचे जंतू हवेविना काम करतात, त्यांना निवांतपणा लागतो. टाकी तेवढी मोठी पाहिजे, मैला त्यात काही दिवस थांबला पाहिजे. सहा संडासांच्या टाकीवर एका रात्रीत ९०० माणसं सोडलीत तर कच्चाच माल पलीकडून बाहेर पडणार. आणि बाहेर येणारं पाणी तरीही नदीत सोडण्यासारखं नसतं, त्याला शोषखड्डा किंवा क्लोरीन लागतंच.

त्यापेक्षा शाळेतच कायमचे चार-सहा संडास वाढवून मागे मोठा डायजेस्टर बांधा, वर्षभर पोरं वापरतील, जंतू जिवंत राहतील. ते वेगळं काम. पण या पावसाळ्याला त्याचा उपयोग नाही.

सासर_इचलकरंजी

मी २०२१ ला छावणीत होते, गाव सांगत नाही. कुणी केएलडी बिएलडीच्या आधी हे विचारेल का की बायका जातात कुठे?

आमच्याकडे संडास एका रांगेत, पुरुषांचे आणि बायकांचे शेजारी शेजारी, पुढे मोकळं पटांगण आणि तिथे दिवसभर बापे माणसं पत्ते खेळत बसलेली. लाईट नाही. मी आणि माझी जाऊ पहाटे तीनला उठून जायचो. दिवसभर पाणीच प्यायचं नाही, चहा पण अर्धा कप. माझ्या सासूबाईंना लघवीचं इन्फेक्शन झालं चौथ्या दिवशी. आणि पाळीचे कपडे पॅड टाकायला डबा नाही म्हणून सगळ्या पोरी ते भांड्यात टाकणार नाहीतर काय करणार? मग तुम्हीच म्हणणार पाईप चोकअप झाला.

तुमचा कंटेनर पाणी पिण्यालायक करून देईल हो, पण आमच्या बायका पाणी पितच नव्हत्या.

कडबा_कणीस

ताई, शेवटचं वाक्य वाचून गप्प बसलो.

भटका_इंजिनिअर

उशिरा आलो. मी पाणी-स्वच्छतेच्या कामात आहे, बांगलादेशात कॉक्स बाजारला रोहिंग्या छावण्यांवर काम केलंय. इचलकरंजीच्या ताईंनी सांगितलंय तिथूनच सुरुवात करायला हवी खरं तर.

हे काम चार टप्प्यांचं आहे. माणूस बसतो कुठे, मैला साठतो कुठे, तिथून उचलायचा कसा आणि शेवटी त्यातला रोग मारायचा कसा. सेल्समन तुम्हाला चौथा टप्पा विकतोय आणि तुमचे पहिले तीन मोकळे आहेत. मशीन उभं राहील आणि मैला त्याच्यापर्यंत पोचणारच नाही, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कॉक्स बाजारला २०१७ च्या ऑगस्टनंतर काही महिन्यांत म्यानमारमधून सात लाखांच्या आसपास माणसं आली. जो तो संस्थावाला संडास बांधत सुटला, कारण संडासाची संख्या रिपोर्टात दाखवता येते. चार-पाच फुटी खड्डे, डोंगराच्या उतारावर, काही हातपंपाच्या उशाला. काही आठवड्यांत भरले. उपसणार कसे? वाटा एवढ्या अरुंद की टँकर सोडा, सायकल जात नाही. मग हाताने चालवायचे पंप, ड्रम, माणसांच्या खांद्यावर बांबू. ऑक्सफॅम या मदतसंस्थेने युएनएचसीआर (संयुक्त राष्ट्रांची निर्वासितांसाठीची संस्था) बरोबर तिथे मोठा प्रक्रिया प्रकल्प उभा केला, दीड लाख माणसांचा मैला, दिवसाला ४० घनमीटर, पण तो सुरू झाला २०१९ च्या सुरुवातीला. मधलं दीड वर्ष काय केलं? चुना.

हसू नका. आपला भुकटी चुना, घराला लावतो तोच. मैल्यात चुन्याची निवळी नाही, दाट कालवण मिसळायचं, पीएच (आम्लता-क्षारतेचं माप) १२ च्या वर न्यायचा आणि किमान दोन तास तिथेच ठेवायचा, आम्ही रात्रभर ठेवायचो. कॉलरा, टायफॉइडचे जंतू त्यात टिकत नाहीत. लिटरला १० ते २० ग्रॅम चुना धरून चला, मैला पातळ तर कमी, दाट तर जास्त, खरं उत्तर पीएचची पट्टी देते. विरजण नको, वीज नको, पहिल्या दिवसापासून काम चालू.

मर्यादा पण सांगतो म्हणजे मी चुन्याचा सेल्समन वाटायला नको. जंताची अंडी यात मरतीलच असं नाही. बीओडी कमी होत नाही, म्हणजे चुना मारला म्हणून ओढ्यात सोडायचं नाही, तो खड्ड्यातच राहणार. कळीचा चुना अजिबात वापरू नका, पाणी लागलं की उकळतो, डोळे जातील. भुकटीला पण गॉगल, हातमोजे पाहिजेतच. मिसळताना अमोनियाचा भपका येतो, वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभं राहायचं.

आणि ती चर. दादा, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत म्हणून सांगतो. हैतीमध्ये २०१० च्या ऑक्टोबरात कॉलरा सुटला, त्या देशात शंभरेक वर्षांत कॉलऱ्याची नोंद नव्हती. उगम निघाला संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या एका तळाजवळ, तिथलं मैलापाणी नदीच्या उपनदीत जात होतं. आठ लाखांच्या आसपास लोकांना लागण, दहा हजारांच्या जवळ मृत्यू. माफी मागायला २०१६ चा डिसेंबर उजाडला. भूकंपाच्या मदतीसाठी जगभरची यंत्रणा देशात हजर होती, पैसा होता, आणि झालं काय तर एका छावणीची घाण पाण्यात गेली.

टवाळ_टोळ

मघाशी मस्करी केली, माफी. चुन्याचं खरंच माहीत नव्हतं, मला वाटायचं तो फक्त पानाला आणि मतदानाच्या आधी लोकांना लावतात.

वाडीवरचा_देशमुख

मूळ प्रश्न अलमट्टी धरणाचा आहे. उंची वाढवायचं चाललंय तिकडे आणि आपण संडासाच्या गप्पा मारतोय. आधी कर्नाटकला

ॲडमिन

अलमट्टीसाठी वेगळा धागा आहे आणि त्यावर ४०० प्रतिसाद झालेत, तिथे चर्चा करा. वरचा प्रतिसाद अर्धा ठेवलाय, उरलेला उडवला.

नर्सताई

पीएचसीला (प्राथमिक आरोग्य केंद्र) आहे, पूरग्रस्त तालुक्यातच. धागा चांगला चाललाय म्हणून लिहिते.

टीसीएल पावडर (ब्लीचिंग पावडर) मैल्यात ओतू नका!! दरवेळी ग्रामपंचायत शिपाई संडासाच्या टाकीत अर्धी गोणी टीसीएल टाकतो आणि फोटो काढतो. क्लोरीन घाणीतच संपून जातं, रोगजंतू राहतात तसेच, आणि टाकीतले चांगले जंतू मात्र मरतात. टीसीएल पिण्याच्या पाण्यासाठी आहे, हजार लिटरला ५ ग्रॅम, अर्धा तास थांबून ओटी टेस्ट (पाण्यात क्लोरीन उरलंय का ते बघायची), पिवळा रंग आला तरच वाटप. जलसुरक्षकाकडे ओटीचं औषध असतं, एक्सपायरी बघून घ्या, बऱ्याच ठिकाणी गेल्या वर्षीचंच चाललेलं असतं.

बोअर संशयातली असेल तर छावणी असेपर्यंत तिला हात लावूच नका, टँकरचं पाणी घ्या. संडासाबाहेर साबण बांधून ठेवा, मोज्यात घालून, नाहीतर दुपारपर्यंत गायब होतो. उपसायला जे जातील त्यांनी आधी आमच्याकडे या, लेप्टो या पुरातल्या तापासाठी डॉक्सीची गोळी द्यायची का ते डॉक्टर ठरवतील, मेडिकलमधून स्वतः घेऊन खाऊ नका.

कापरे_ते_कोंढे

चिपळूण. २२ जुलै २०२१. आमच्या छावणीपेक्षा घरी परत आल्यानंतरचा ताप मोठा होता, ते पण लक्षात असू दे. प्रत्येक घराच्या सेप्टिक टँकमध्ये पुराचा चिखल बसलेला, भांड्यात पाणी टाकलं की परत वर. सगळ्यांनाच एका दिवशी सक्शनची गाडी हवी आणि गाड्या कुठनं कुठनं मागवलेल्या.

एक चूक सांगतो, तुम्ही करू नका. आमच्या शेजाऱ्यांनी पाणी ओसरलं त्या दिवशीच दुप्पट पैसे देऊन टाकी उपसून घेतली. फायबरची टाकी, भोवतीची जमीन पाण्याने तुडुंब. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकी होडीसारखी वर आली, फरशी फोडून, पाईप तुटले. आजूबाजूचं पाणी खाली जाईपर्यंत टाकी पूर्ण रिकामी करायची नसते हे तेव्हा कळलं. बांधकामाच्या टाकीच्या भिंती पण आत बसू शकतात म्हणे.

वारकरी_पोर

वारीत बघा ना, फिरते संडास मुक्कामाच्या गावात आधीच लागलेले असतात, सक्शन टँकर पाठीमागे, मैला जवळच्या एसटीपीला. पूर्वी पालखी गेल्यावर गावं आठवडाभर नाक दाबून बसायची, आता पुष्कळ फरक आहे. प्रयागराजला २०२५ च्या कुंभात दीड लाख संडास होते. नाशिकला २०२७ चा सिंहस्थ येतोय, तिकडे पण होईलच. मग पुरात का नाही जमत?

भटका_इंजिनिअर

कारण वारीची तारीख पंचांगात असते, कुंभाचं वर्ष दहा वर्षं आधी माहीत असतं, रस्ते कोरडे असतात. टँकर जातो आणि येतो. पुरात टँकर जातच नाही, म्हणून मैला तुमच्या आवारातच सांभाळायचा हे गृहीत धरावं लागतं. पण एक मुद्दा तुमचा सोळा आणे खरा. वारणाकाठच्या गावाला तारीख माहीत नसली तरी जागा माहीत आहे. तेच हायस्कूल, तीच ९०० माणसं, जुलै नाहीतर ऑगस्ट. जगात फार थोड्या छावण्यांना हे आधी माहीत असतं.

म्हणून दादा, तुम्ही आता शाळेत टेप घेऊन जा आणि इथे मापं टाका. बोअर कुठे, उंचवटा कुठे, माती कसली, टाकी किती लांब-रुंद-खोल, अंघोळीचं पाणी कुठे जातं.

वारणाकाठचा_पोरगा

काल गेलतो. सोबत ग्रामसेवक आणि शाळेचे शिपाई मामा. सापडलेलं लिहितो, डोकं गरगरलंय.

टाकी एकच, आतनं १० बाय ६ बाय ५ फूट. म्हंजे ३०० घनफूट, साडेआठ हजार लिटर. माणशी दिवसाला १० लिटर धरले, मैला आणि तांब्याचं पाणी मिळून, तर ९०० माणसांचं ९ हजार लिटर. म्हंजे टाकी पूर्ण रिकामी असली तरी एका दिवसात भरती! आणि शाळा सुरू असताना ती अर्धी भरलेलीच असती. आमी म्हणायचो तिसऱ्या दिवशी कशी काय भरली, खरं तर दुसऱ्या दिवसापासनं ती मागच्या शोषखड्ड्यातनं जमिनीत जात होती.

पण खरी गंमत ही की दोन मोऱ्यांचं अंघोळीचं पाणी पण त्याच टाकीला जोडलंय. कुणा शहाण्यानं पाईप वाचवायला जोडलंय. ९०० माणसांनी एकेक बादली जरी ओतली तरी १५ हजार लिटर त्यातच.

माती काळी. पावसाळ्यात शोषखड्डा काय शोषणार, डोंबल. शाळेच्या मागं मात्र गायरानाची टेकडी आहे, मुरूम, शाळेपासनं २०० फूट, बोअरपासनं ३०० फूट लांब.

पाईपवाला

बघा, न विकत घेता अर्धा प्रश्न सुटला. मोऱ्यांचा पाईप आजच्या आज तोडा आणि उघड्या गटारीनं वेगळा काढा. हे एका प्लंबरचं अर्ध्या दिवसाचं काम आहे.

भटका_इंजिनिअर

उत्तम मापं. आता माझा विचार असा. संडास आधी. आपत्तीतले जागतिक निकष आहेत, त्यांना स्फिअर म्हणतात, सुरुवातीला ५० माणसांमागे एक आणि लवकरात लवकर २० मागे एक. बायकांचे पुरुषांच्या तिप्पट. तुमच्याकडे आज १५० मागे एक आहे. किमान १८ करायचे म्हणजे अजून १२.

ते जमिनीत नाही, जमिनीच्या वर करा. शेतीच्या औषधाच्या दुकानात, फॅक्टरीत त्या पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या चौकोनी पांढऱ्या टाक्या मिळतात ना, जुन्या स्वस्त पडतात, फक्त विषारी माल भरलेल्या नकोत. त्यावर लोखंडी फ्रेम, फळी, आडोसा, पायऱ्या. वर बसायचं, खाली टाकी. भरली की मडपंपाने (गाळ ओढणारा पंप) पाईप लावून टेकडीवर. खड्डा नाही म्हणजे बोअरला धोका नाही. ओल्या पायऱ्या आजी-आजोबांना चढवत नाहीत, म्हणून शाळेतले जुने सहा त्यांना आणि गरोदर बायकांना राखून ठेवा.

टेकडीवर जेसीबीने खड्डा, आत अस्तर, बाजूने बांध म्हणजे पावसाचं पाणी आत नको, वर पत्रा नाहीतर ताडपत्री. चुना मिसळायचं काम खालीच, टाकीतच करा, म्हणजे जिवंत मैला पाईपमधून फिरणार नाही.

कडबा_कणीस

अस्तराला शेततळ्याचा कागद चालेल की! ५०० मायक्रॉनचा. आमच्या द्राक्षवाल्यांकडे जुना उरलेला पडून असतो, भोकं तेवढी बघून घ्या. सांधे गरम मशीननं जोडणारा माणूस आमच्या भागात पायलीचे पन्नास आहेत.

भटका_इंजिनिअर

वा! हे मला सुचलं नसतं. पळेल. अगदी चालेल.

सासर_इचलकरंजी

बारातले नऊ बायकांचे ना? लिहून द्या. आणि पटांगणाच्या बाजूला नको, मागच्या भिंतीकडे तोंड करून लावा, वाटेवर सोलरचे दिवे, आतून कडी. प्रत्येकात झाकणाचा डबा पॅडसाठी. आणि ते डबे कोण रिकामे करणार ते पण आत्ताच ठरवा.

किल्लारीकाका

पोरांनो, ३० सप्टेंबर ९३ ला मी तिसेक वर्षांचा होतो. भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहिलो. आमच्या वस्तीला संडास बांधून दिले होते, छान होते. पाणी नव्हतं. महिन्याभरात त्यात लोकांनी कडबा भरला आणि सगळे शेतात जायला लागले, शेतातच तर जात होतो आधीपण. पुढे पाहुणे बघायला आले की कडबा बाहेर काढायचा, गेले की परत आत. म्हणून म्हणतो प्रत्येक संडासाजवळ पाण्याचा ड्रम कोण भरणार हे नाव घालून लिहा. नाव नसलं की काम होत नसतं.

वारणाकाठचा_पोरगा

काका, नावावरच अडलंय.

काल मीटिंग झाली. कंटेनर रद्द. सेल्समनला पाच-सात पटीचा हिशोब विचारला तर म्हणला सर मी टेक्निकल टीमशी बोलून सांगतो, अजून बोलतोय. मोरीचा पाईप तोडला. टाक्या, मडपंप, चुना ४० गोण्या, पीएच पट्ट्या, कागद, सोलर दिवे सगळ्याला मंजुरी. रोजचे ९ हजार लिटर, लिटरला १० ग्रॅमनं दिवसाला ९० किलो चुना, २५ किलोच्या गोणीनं साधारण चार, म्हंजे दहा दिवसांचा साठा. टेकडीच्या गावानं कुरकुर केली, आमच्या गायरानात तुमची घाण का म्हणून. त्यांच्या सरपंचांना घेऊन जाऊन बोअर दाखवली आणि २०१९ ची चर दाखवली. ओढा पुढं त्यांच्याच गावातनं जातो. गप झाले.

मग विषय निघाला चुना कालवणार कोण, पंप कोण धरणार. आणि सगळ्यांनी एका सुरात दोन नावं घेतली. तालुक्याच्या गावात राहणारे दोघं भाऊ, आमच्या गावचे पण नाहीत, पुरात पण अडकलेले नाहीत. का त्यांचीच नावं ते तुमाला सांगायला नको. त्यांना काय कमी पैसे देऊ का, म्हणत होते. मी म्हटलं मैला आपला, छावणी आपली, आणि त्यांना बाहेरून बोलवायचं होडीतनं? मीटिंग तिथंच फिस्कटली.

भटका_इंजिनिअर

यावर एकच कायद्याची गोष्ट. टाकीत माणूस उतरवायचा नाही, कुणालाच, कुठल्याही जातीचा. हाताने मैला साफ करून घ्यायला बंदी घालणारा २०१३ चा कायदा आहे आणि आत विषारी वायू असतो, दोन श्वासात माणूस पडतो, काढायला गेलेला दुसरा पण पडतो. पंप अडकला तर पाईप बाहेर काढून साफ करायचा, झाकणातून वाकायचं सुद्धा नाही. बाकी कालवणं, पट्टी बघणं, पंप चालू-बंद करणं हे कुणीही करू शकतं, शेतात औषध मारता त्यापेक्षा अवघड नाही.

नर्सताई

भाऊ, रंगीत तालीम घ्या. माणसं एकदा हाताने करून बघतात तेव्हा किळस निम्मी होते. अनुभव आहे.

वारणाकाठचा_पोरगा

घेतली आज. यंदा पाऊस मे मध्येच कोसळायला लागला म्हणून घाई केली.

शाळेच्या आवारात एक टाकी ठेवून त्यात शेण कालवलं, ५०० लिटर. गणपती मंडळाची पोरं बोलवलेली. पहिल्यांदा चुना कोरडाच ओतला तर गुठळ्या झाल्या, मग बादलीत ताकासारखा कालवून ओतला, बांबूनं ढवळला. पट्टी नुसती हिरवीच. अजून अर्धी बादली, मग जांभळी निळी झाली, १२. पोरांनी शिट्ट्या मारल्या. दोन तासांनी परत बघितलं, ११ वर आलेली, परत थोडा टाकला. म्हंजे एकदा बघून भागत नाय हे कळलं. मडपंप दोनदा अडकला, शेणातल्या काडीमुळं, ताई म्हणत होत्या ते आठवलं, पॅड गेलं तर काय होईल. तोंडाला जाळी लावून घेतली. पाईप २०० फूट पुरंना, अजून ५० घ्यावा लागंल.

सरपंच लांब झाडाखाली उभे होते. शेवटी आले, गॉगल लावला आणि एक बादली ओतली. फोटो काढू नका म्हणले. मी काढला नाय.

आता पाळ्यांचा तक्ता लावलाय हायस्कुलाच्या दारावर, काकांनी सांगितल्याप्रमाणे नावं घालून. बायकांच्या संडासाच्या डब्यांची जबाबदारी बचत गटानं घेतली पण अट घातली की पाण्याचे ड्रम बाप्यांनी भरायचे. मान्य. चुन्याच्या पहिल्या पाळीला चर मारलेली आमी सहा जण. पाच गावातच आहोत. सहावा पुण्यात कंपनीत आहे, म्हणला पाणी ४० फुटाला लागलं की फोन कर, सुट्टी टाकून रस्ता बंद व्हायच्या आत येतो.

गमबूट ९ नंबरचे दोन जोड कमी पडतायत, सांगली मिरजेत होलसेल कुठं मिळतील कुणाला माहीत असंल तर सांगा.